बारा वाजता बंद पडणारं सोलर

सबसिडीच्या टेबलावर बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत, लोक स्वतःच झेरॉक्ससोबत आणून देतात. आधार कार्ड, लाईट बिल, घराचा कर भरल्याची पावती, रद्द केलेला चेक आणि एक किस्सा. पहिले चार मी पोर्टलवर चढवते. पाचव्यासाठी पोर्टलवर जागा नाही, म्हणून तो माझ्या डोक्यात पडून राहतो. आता डोकं भरलंय, तर थोडं तुमच्याकडं रिकामं करते.

मी शैला. मूळची बेळगावची, लग्न होऊन बंगळूरला आले ती इथलीच झाले. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. आधी आम्ही पाणी तापवायचं सोलर लावायचो, आता वीज करायचं लावतो. खाली दिवसभर लोखंड कापतात, वर आम्ही फॉर्म भरतो. हेगडे सर मालक. ते कन्नडच बोलतात, पण मी वैतागून मराठीत काय पुटपुटले ते त्यांना बरोबर कळतं. बसू अण्णा आमचे मुख्य फिटर, निपाणीकडचे. वीस वर्षांत त्यांच्या कामावर एक तक्रार नाही, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. गच्च्या मोजायला निखिल, पुण्याचा पोरगा, कोरमंगलात पीजीमध्ये राहतो. आणि सबसिडी सेक्शनमध्ये मी. सेक्शन म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो हेगडे सरांच्या दिशेनं वळवलेला आहे.

सबसिडीचं गणित सोपं आहे. घरावर पॅनेल लावायची, वीज कंपनी मीटर बदलून देते, तपासणी होते, फोटो चढवायचा, मग सरकार ठरलेली रक्कम थेट तुमच्या खात्यात टाकतं. आधी काम, मग पैसे. लोकांना नेमकं हेच पटत नाही. एक मिठाईवाले शेट्टी तर रिकामी पिशवी घेऊन आले होते. म्हणाले, आज सबसिडी नेतो, पॅनेलचं सणानंतर बघू.

मी म्हटलं, शेट्रे, पिशवी ठेवा, फॉर्म न्या. ते फॉर्म घेऊन गेले आणि पिशवी विसरून गेले. त्या पिशवीतून मी अजून डबा आणते.

*

सबसिडीचा पहिला नियम, लाईट बिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा. ह्या एका नियमानं मला जेवढी माणसं दाखवली तेवढी लग्नांतही दिसली नसतील.

राजाजीनगरच्या एका घराचं बिल आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, पण बिल दर महिन्याला त्यांना येत होतं आणि नातू ते इमानेइतबारे भरत होते. नाव बदलायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. वारस म्हणजे पाच चुलतभाऊ. वाटणीवरून बिनसलेलं, अकरा वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नाही. कोणी कोणाच्या घरी जाऊन सही करायला तयार नव्हता, म्हणून ठरलं की शैला अक्काच्या टेबलावर करायची.

पाचही जण वेगवेगळ्या रिक्षांनी आले. पाच खुर्च्या पाच दिशांना फिरवून बसले. मी कागद काढला आणि नेमकी लाईट गेली. हो, सोलरच्या ऑफिसची लाईट जाते. इमारत भाड्याची आहे, गच्ची वर्कशॉपवाल्याची, आणि त्याला सोलरवर विश्वास नाही. प्रिंटर बंद, त्यामुळं कागद निघेना. खालचा आवाजही थांबला. एवढी शांतता आमच्या ऑफिसात कधी नसते.

दहा मिनिटांनी त्यातले थोरले कोणाकडंही न बघता म्हणाले की आजोबा खोलीतून बाहेर पडताना बल्ब काढून खिशात घालून न्यायचे, म्हणजे मागं कोणी लावायला नको. दुसरे म्हणाले की तोच बल्ब मग संडासात लावायचे. तिसऱ्यांना हसू आवरेना. मग कोणाला कुठल्या बल्बचा चटका बसला होता, कोणी अंधारात दह्याच्या भांड्यात पाय दिला होता, सगळं निघालं. खुर्च्या कधी वळल्या ते मला कळलं नाही. लाईट आली, सह्या झाल्या, तरी कोणी उठेना. सहा वाजता बसू अण्णांनी किल्ल्या वाजवल्या तेव्हा उठले, आणि पाचही जण एकाच गाडीत बसून कुठंतरी कॉफी प्यायला गेले.

सबसिडी जमा झाली. फाईल बंद झाली. महिन्याभरानं थोरले पुन्हा आले, माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला. म्हणाले, "अक्का, अजून एखादी सही राहिली असंल बघा की."

*

निखिलचं काम गच्चीवर सावली कुठून येते ते बघणं. शेजारची टाकी, नारळ, मोबाईलचा टॉवर, कशाची सावली किती वाजता पडते ते मोजायचं. अर्ध्या तासाचं काम. निखिलला दोन तास लागायचे. हेगडे सरांना वाटायचं पोरगं फारच काटेकोर आहे.

एक दिवस बसवनगुडीहून एका आजींचा फोन आला. कन्नडमध्ये अगदी हळू आवाजात विचारत होत्या, तुमचा इंजिनिअर आमच्या गच्चीवर झोपलाय, उठवू का कॉफी ठेवू? मी म्हटलं, स्वल्प झोपू दे, मग कॉफी द्या.

संध्याकाळी मी त्याला धरला. सुरुवातीला त्यानं पित्त झाल्याचं सांगितलं. मग खरं बोलला. त्याच्या पीजीच्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडते दुसऱ्या पीजीच्या भिंतीवर. हात बाहेर काढला की भिंत लागते. दीड वर्षात त्याच्या अंथरुणावर ऊन पडलेलं नाही. पुण्याच्या घरी सकाळी ऊन थेट उशीवर यायचं आणि आई पडदा ओढायची नाही म्हणून तो रोज तिच्याशी भांडायचा.

ते ऐकून काय वाटलं ते दाखवायची माझी रीत नाही. मी म्हटलं, लोकांच्या गच्चीवर घोरत जाऊ नकोस, कंपनीचं नाव जातं. आता तो झोपत नाही. पण आमच्या सगळ्या सर्व्हे रिपोर्टात सकाळच्या उन्हाच्या रकान्यात जे 'उत्तम' लिहिलेलं असतं ना, ते तो जरा ठळक लिहितो.

*

आता जाधव काका-काकू. ह्यांना नीट लक्षात ठेवा.

विजयनगरला स्वतःचं घर. काका सोलापूरचे, तरुणपणी नोकरीला आले आणि पीण्यातल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढली. एकुलता एक मुलगा मंदार, जर्मनीत. सोलर लावायचं त्यानंच ठरवलं आणि सुरुवातीचे पैसेही त्यानंच पाठवले. काकांना सबसिडीचा प्रत्येक नियम पाठ होता, माझ्यापेक्षा जास्त. काकूंना कशातच रस नव्हता. टेबलासमोर दोन तास बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वीज किती झाली ते मोबाईलवर दिसतं म्हणता. ते त्याला तिकडं पण दिसंल का?"

मी सांगितलं की दिसेल. तुमच्या गच्चीवर ऊन आहे का ढग, ते त्याला जर्मनीत बसून कळेल. आणि कधी बंद पडलं तर दोन ठिकाणी मेसेज जातो, एक त्याच्या मोबाईलवर आणि एक आमच्या ऑफिसात. काकू काकांकडं वळून म्हणाल्या, आपल्याकडं ऊन पडलेलं त्याला दिसणार हो. काका म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस, मी कॅन्सल चेक शोधतोय.

काम झालं आणि फोटोचा दिवस आला. पोर्टलला एक फोटो लागतो, समोर घरमालक उभा आणि मागं त्याची पॅनेल. बहुतेक लोक बनियनवर उभे राहतात. एकाचा तर मी दाढीचा साबण लावलेला फोटो चढवलाय. जाधव काका कोट घालून आले. काकू हिरवं इरकल नेसून, नथ घालून, गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढून वर आल्या. त्यांना वाटलं होतं की फोटो मंदारलाही जाणार. बसू अण्णा मोबाईल धरून उभे राहिले तर काकूंनी विचारलं, जर्मनी कुठल्या अंगाला?

आता बसू अण्णांनी निपाणी आणि बंगळूर सोडून तिसरं काही बघितलेलं नाही. पण विचारलं की सांगायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी शेजारच्या पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवलं. सरकारदरबारी जो फोटो गेलाय त्यात काका समोर बघतायत, आणि काकू नथ सावरत शेजारच्या टाकीकडं बघून हसतायत.

फोटो मंजूर झाला. सबसिडी वेळेत आली. काकांनी ऑफिसात पेढे वाटले. मी म्हटलं, चला, एक फाईल सुखानं सुटली.

*

मध्येच व्हाईटफील्डचा एक सांगून घेते, नाहीतर विसरेन.

अमेरिकेत पंधरा वर्षं राहून परत आलेले एक साहेब, नागपूरचे. तिकडं त्यांच्या घरावर सोलर होतं. त्यांचं म्हणणं, तिकडं टॅक्स क्रेडिट मिळायचं, म्हणजे भरायच्या टॅक्समधून रक्कम वजा व्हायची. इथं ती वजाबाकी फॉर्मच्या कुठल्या ओळीत करायची, ते मी सांगावं. मी सांगितलं, साहेब, वजाबाकी नाही, बेरीज आहे, थेट खात्यात येते. ते हसले. एवढ्या वर्षांत सरकारनं त्यांच्या खात्यातून नेलेलं त्यांनी बघितलं होतं, आणून टाकलेलं नाही.

मग एके दिवशी सकाळी खरंच पैसे आले. मेसेज बघून ते इतके घाबरले की फसवणूक झाली म्हणून त्यांनी बँकेत फोन करून स्वतःचं खातं गोठवलं. आठवडाभर त्यांचं दूध, भाजी, मुलीच्या शाळेची व्हॅन, सगळं बायकोच्या खात्यातून चाललं. सोडवायला शेवटी मीच बँकेत गेले. मॅनेजरनं विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण? मी म्हटलं, सबसिडी.

*

जाधवांचं दुसऱ्या महिन्यात सुरू झालं.

भर दुपारी, लख्ख ऊन, आणि माझ्या कॉम्प्युटरवर मेल आला की जाधवांच्या घरी वीज शून्य. पाऊण तासानं आपोआप सुरू. एक वाजता काकांचा फोन. ते रोज अकरा ते एक वाचनालयात पेपर वाचायला जातात, घरी आल्यावर मुलाचा निरोप मिळाला की बारा वाजता सिस्टीम बंद होती. बसू अण्णा गेले, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा. वेळ बाराच्या आसपासचीच.

काकांनी एक वही उघडली. तारीख, वेळ, किती मिनिटं, कारण अज्ञात. पस्तीस वर्षं केसाच्या जाडीचं माप घेतलेला माणूस, तो गप्प कसा बसणार? बसू अण्णांनी जोड बदलले, केबल बदलली, इन्व्हर्टरचा डबा उघडून बंद केला. काका शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक स्क्रूवर मत देत. काकू मात्र दर खेपेला अण्णांना भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातल्याशिवाय सोडत नसत. वर दोन लाडू बांधून द्यायच्या. अण्णा मला म्हणायचे, त्या माऊलीचा चेहरा असा असतोय की चूक जणू त्यांचीच आहे.

सातव्या तक्रारीला हेगडे सर तापले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की अजून एकदा हे घर बंद पडलं तर दुरुस्तीचं काम बाहेरच्या कंपनीला देणार, आणि बसूनं फक्त पॅनेल उचलायची. वीस वर्षांत कोणी अण्णांना असं बोललं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला, बघितला आणि तसाच बंद केला. मी म्हटलं, अण्णा, एक घास तरी खा. ते म्हणाले, "अक्का, फॉल्ट असला की सापडतोय. हा सापडंना, म्हणजे माझंच डोकं गेलंय म्हणायचं."

त्यांच्या हाताची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. म्हातारी दिसायला लागली होती.

*

त्याच आठवड्यात पोर्टल बदललं. नवीन पानं नीट चालतात का बघायला हेगडे सरांनी मला एक खोटा अर्ज भरायला सांगितला. नाव कोणाचं घालू? ते म्हणाले, तुझंच घाल.

घातलं. नाव, मोबाईल, बँक, सगळं हिरवं होत गेलं. मजा वाटायला लागली. पुढं प्रश्न आला, छत तुमच्या मालकीचं आहे का? आम्ही यशवंतपूरला पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. गच्चीला मालकाचं कुलूप असतं, पापड वाळवायचे तरी विचारावं लागतं. मी 'नाही' दाबलं. पान लाल झालं, तुम्ही ह्या योजनेस पात्र नाही.

निखिल हसला, मीही हसले. हेगडे सर हसले नाहीत. म्हणाले, थांब, माझ्या घराचा नंबर घालून बघ, पान पुढं गेलं पाहिजे. घातला. पान पुढं गेलं. हजारभर लोकांना तरी मी छताचं क्षेत्रफळ विचारलं असेल, पण त्या दिवशी तो रकाना भरताना बोट जरा अडखळलं. घरी जाऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. हे 'पुढच्या वर्षी' मी लग्नात सोबत आणल्यासारखं जपून ठेवलंय.

*

तर जाधवांचा फॉल्ट.

झालं असं की त्यांच्या शेजाऱ्यांनाही सोलर हवं होतं. निखिल आणि बसू अण्णा त्यांची गच्ची मोजायला गेले होते, तीच ती पाण्याच्या टाकीची गच्ची. जाधवांकडं कोणाला ते आलेत हे माहीत नव्हतं. बाराला पाच कमी असताना दोघे टाकीच्या सावलीत पाणी पीत होते, तेवढ्यात अण्णांना जाधवांच्या जिन्यात हालचाल दिसली.

काकू वर येत होत्या. एक हात गुडघ्यावर, एक कठड्यावर, आणि खांद्यावर तीन सोलापुरी चादरी. प्रत्येक पायरीला थांबत होत्या. वर आल्यावर त्यांनी दम खाल्ला, मग एकेक चादर उलगडून पॅनेलवर अंथरली. पाहुण्यांसाठी गादी घालतात तशी, सुरकुत्या काढून. वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकांवर तुळशीच्या मोकळ्या कुंड्या ठेवल्या. मग उपड्या बादलीवर बसल्या आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

इकडं पीण्यात माझ्या कॉम्प्युटरवर मेल आला. जाधव, वीज शून्य. हेगडे सरांनी तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि ते आत गेले.

तिकडं सहा मिनिटांनी मोबाईल वाजला. काकूंनी लगेच उचलला नाही, दोन रिंग जाऊ दिल्या. मग म्हणाल्या, काय रे, बंद पडलंय का? बघते हां. आणि बघायला कुठंच न जाता बोलत बसल्या. तिथं थंडी किती, जेवला का, ती खोकल्याची गोळी घेतोस का. अण्णा आणि निखिल टाकीमागं हलले नाहीत. पस्तीस मिनिटं.

फोन संपला तेव्हा अण्णा निखिलला घेऊन रस्त्यानं फिरून जाधवांच्या दाराशी गेले आणि घंटा वाजवली. काकू चादरी घेऊन खाली आल्या त्या अण्णांसमोरच. चादरी अजून गरम होत्या म्हणे. काकू चादरींची घडी घालू लागल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, ह्यांना सांगू नका. रविवारी करतोय की तो फोन. आत्याला करतो, मावशीला करतो, त्यात मला करतो. पाच मिनिटं. पण हे बंद पडलं की कामावर जाता जाता गाडीतनं करतो, आणि बंद का पडलं ते विचारून झालं तरी ठेवत नाही."

त्यांच्या पायी आपली नोकरीतली जागा जाणार होती, हे अण्णांनी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "ह्या गुडघ्यानं सारखा जिना चढताय व्हय?"

हे सगळं मला निखिलनं सांगितलं. त्या संध्याकाळी तो वर्कशॉपच्या जिन्यात बसून पुण्याला बोलत होता. काय बोलला ते मी ऐकलं नाही, पण बराच वेळ बोलला.

दुसऱ्या दिवशी अण्णा वायरचं बंडल घेऊन विजयनगरला गेले. गच्चीवरच्या मेन स्विचपासून लाईन खाली आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, काकूंच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर एक नवा स्विच बसवला. खाली केला की सिस्टीम बंद, वर केला की चालू. कामाच्या कार्डावर घरमालकाची सही लागते. कार्डावर अण्णांनी लिहिलं होतं, 'फॉल्ट सापडला. स्विच खाली आणला. ग्राहकाच्या सोयीसाठी.'

काकांनी ते कार्ड दोनदा वाचलं. ह्या माणसानं आजवर एका स्क्रूलाही प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. काका आता काय विचारतात म्हणून अण्णा घाम पुसत उभे. काकांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाले, "स्विच चांगल्यातला लावलाय ना? वापर जास्त आहे."

वही त्यांनी त्या दिवसापासून बंद केली. तक्रारीचा फोन पुन्हा आला नाही. हेगडे सरांनी अण्णांना विचारलं, अजून मधून मधून बंद दिसतंय, त्याचं काय? अण्णा म्हणाले, मेंटेनन्स चालू असतोय, सर. हेगडे सरांनी अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे.

मेल अजून येतात. पूर्वी मी दचकायचे, आता घड्याळ बघते. एखाद दिवशी वीज पस्तीस मिनिटं बंद असते, एखाद दिवशी बारा. बारा मिनिटांच्या दिवशी अण्णा जेवताना म्हणतात, आज पोराला घाई होती. मी म्हणते, उद्या बोलेल. आम्ही दोघांनी त्या मंदारला कधी बघितलेलं नाही.

डिसेंबरात एकाएकी मेल बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. रोज सकाळी वीज चढायची, दुपारी भरायची, संध्याकाळी उतरायची, कुठं खळगा नाही. मला धास्ती वाटली. काकूंचं काही बरंवाईट? अण्णांनीच निमित्त काढून फोन केला, पॅनेल पुसायला माणूस पाठवू का म्हणून. काकू इतक्या जोरात बोलत होत्या की मला टेबलापर्यंत ऐकू आलं. मंदार आलाय, तीन आठवडे आहे, पॅनेल तोच पुसतोय, तुम्ही लाडू न्यायला या.

तीन आठवडे जाधवांच्या घरी एक मिनिट वीज गेली नाही. हेगडे सरांनी तो आलेख मुद्दाम मोठ्या स्क्रीनवर लावून एका नव्या गिऱ्हाइकाला दाखवला, बघा, आमचं काम असं असतं.

मग बाविसाव्या दिवशी, सोमवारी, आम्ही नुकतेच डबे उघडले होते. बाराला दोन मिनिटं कमी. कॉम्प्युटर टिंग वाजला. जाधव, वीज शून्य.

बसू अण्णांनी हातातला घास तसाच धरला, घड्याळाकडं बघितलं.

"पोचला म्हणायचा," ते म्हणाले.